नाशिककरांचा नाशिकलाच मुक्काम

दोघांनीच कुठे जायचं यावर आमची तीन आठवडे चर्चा चालली होती, तीही मेसेजवर. महेशच्या सातपूरच्या कंपनीला सुट्टी शनिवारी, माझ्या शाळेला रविवारी. त्यात त्याच्या शिफ्ट. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आम्ही भेटतो ते मुलगी आणि किल्ल्या एकमेकांच्या ताब्यात देण्यापुरते. एकेक रजा टाकून हाती आले दोन दिवस. उदयपूरला जाण्यायेण्यातच ते संपले असते, महाबळेश्वरचंही तेच. शेवटी मीच म्हटलं, नाशिकलाच जाऊ.

मैत्रिणी हसल्या. हसोत बापड्या. मुलीला आजोळी सोडून शनिवारी आम्ही गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात पोचलो. बुकिंग होतं. काउंटरवरच्या माणसाने आमची आधार कार्डं पाहून परत सरकवली.

“मॅडम, लोकल आयडीवर रूम देत नाही आम्ही.”

“अहो, नवरा-बायको आहोत. दोन्ही कार्डांवर एकच पत्ता आहे.”

“मग घर आहे की तुम्हाला,” तो अगदी नम्रपणे म्हणाला.

महेश हसला, पण कानापर्यंत लाल झाला होता. बाहेर येऊन म्हणाला, “चल, घरीच जाऊ.” सुटलो एकदाचे, असा त्याचा आवाज होता आणि तेच मला लागलं. दोघंच समोर बसलो तर बोलायला काही उरलंय का, ही धास्ती मलाही होती. म्हणूनच मी हट्टाने बाईक गिरणारे गावाच्या रस्त्याला घ्यायला लावली.

अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, दोन्हीकडे द्राक्षबागा आणि झेंडूचे मळे. एका वळणावर ‘मुक्काम व जेवण’ अशी हाताने रंगवलेली पाटी दिसली. तिथल्या कमलताई आणि त्यांचे मालक फुलं पिकवतात, मळ्यातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. दोघांचे जेवणासकट दीड हजार. मी आधार कार्ड पुढे केलं.

“ते ऱ्हाऊ द्या वो ताई. आधी जेवून घ्या, लय ऊन हाय.”

भाकरी आणि वांग्याच्या भरितावर आम्ही ताव मारला. मग आंब्याखाली समोरासमोर बसलो. सिलिंडरचं बोललो, स्कूलबसचं बोललो आणि पंधरा मिनिटांत विषय संपले. त्याने मोबाइल काढला, मग मीही. फार वाईट वाटलं मला.

रविवारी तो सवयीने पाचला उठला, मागोमाग मीही. उजाडलं तेव्हा बाहेर कमलताई मार्केटची फुलं तोडत होत्या. “या की, हात लावा,” म्हणाल्या. आम्ही एकाच ओळीच्या दोन बाजूंना लागलो. नजर फुलांवर, हाताला काम. अर्धी ओळ झाली आणि महेश आपणहून बोलायला लागला. दोन वर्षांपूर्वी त्याला बढती मिळत होती. कायमची रात्रपाळी लागणार, मग आमची भेटच होणार नाही, म्हणून त्याने नाकारली.

“मला का नाही सांगितलंस?”

“कधी सांगणार? मी आलो की तू निघालेली. आणि वाटलं, म्हणशील, येडा आहेस.”

“आहेसच,” मी म्हटलं आणि टोपली हातात धरून तिथेच रडले. राग आला होता, पण त्याहून जास्त म्हणजे हा माणूस मला पुन्हा आवडला होता. पुढच्या तीन ओळी आम्ही बोलतच होतो.

“भाऊ, कळ्या नका तोडू,” कमलताई ओरडल्या. “ध्यान कुठं हाय?”

तर दोघांनीच जायला शहर कोणतं निवडावं? हवं ते निवडा. आपल्याच गावात राहणार असाल तर हॉटेलला आधी फोन करून विचारा, एवढंच.

सोमवारी त्याची सकाळची पहिली शिफ्ट होती. माझी झोप मोडू नये म्हणून इतकी वर्षं तो चपला हातात घेऊन बाहेर पडायचा. त्या दिवशी त्याने मला हलवून उठवलं.

“ऊठ ना. पंधरा मिनिटं आहेत.”