साठ नंबरचा दरवान

सुमनकाकू दळवी कुठलीही वस्तू आधी कानाने बघत. हातात घेतली की डोळ्यांसमोर न धरता ती कानाशी न्यायची, नखाने टिचकी मारायची आणि डोळे मिटून ऐकायचं. नारळाच्या बाबतीत हे आपण सगळेच करतो. काकू मात्र स्टीलची वाटी, दाराची कडी, नळाची तोटी, शेजाऱ्यांनी दिवाळीत भेट दिलेली लक्ष्मी, कुणालाच सोडत नसत. आणि निकाल तिथल्या तिथे, समोरच्याच्या तोंडावर सांगत.

माझी त्यांची पहिली भेट बडोद्यातल्या आमच्या गोत्रीच्या सोसायटीतल्या लिफ्टमध्ये झाली. मी नुकताच तिथे राहायला आलो होतो आणि चार महिने वाट पाहिल्यावर माझा प्लास्टिकचा रोबो पार्सलने आला होता. मी चाळिशीचा माणूस, पण चौथ्या मजल्यापर्यंत दम निघेना म्हणून लिफ्टमध्येच खोकं फोडलं. शेजारच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी हात पुढे केला. "बघू." टिचकी मारली, ऐकलं, परत दिला. "ह्याला आवाज कुठाय?"

"काकू, प्लास्टिक आहे."

"ते दिसलं रे भाई. एवढा ढालतलवार घेतलेला गडी आणि हाक मारली तर ओ देत नाही, म्हणून विचारते." तिसऱ्या मजल्यावर त्या उतरून गेल्या. मी तो सबंध दिवस फुगून बसलो.

मकरपुऱ्याच्या एका डायकास्टिंगच्या कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं तपासणीचं काम केलं होतं. वितळलेलं जस्त पोलादी साच्यात दाबाने भरायचं, गार झालं की वस्तू बाहेर काढायची, असं ते काम. गाडीच्या दारांच्या मुठी, मिक्सरचे भाग, कुलपांची अंगं, सगळं सुमनबेनच्या टेबलावरून जायचं. शेडमध्ये बाई एकटी आणि सुपरवायझरपासून मालकापर्यंत सगळे तिला टरकून. माल आज निघालाच पाहिजे, थोडंसं इकडेतिकडे चालवून घ्या, असं कुणी म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "नापास म्हणजे नापास. त्यात थोडंसं नसतं."

लोकांच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात चषक आणि गणपती असतात. काकूंच्या कपाटात चाळीसेक धातूचे रोबो उभे होते. त्यांचा भाऊ बोटीवर होता. त्याने परदेशी बंदरातून भाच्यासाठी, म्हणजे काकूंच्या मिलिंदसाठी, पहिला रोबो आणला. मिलिंदचं मन दोन महिन्यांत क्रिकेटकडे वळलं, काकूंचं काही वळलं नाही. कपाटाला त्या "मंडळी" म्हणत. गावाला जाताना मला किल्ली देऊन सांगत, "मंडळींवर लक्ष ठेव. आणि तुझी ती पोकळ माणसं आत शिरवू नकोस."

मी नंदेसरीला प्लास्टिकचे दाणे बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. म्हणजे वैर पक्कं. मी सांगायचो की प्लास्टिकच्या फिगरचं बोटन् बोट वाकतं, चेहऱ्यावरची सुरकुती दिसते, तुमच्या धातूवाल्यांना धड गुडघाही मोडता येत नाही. रंगाचे टवके उडतात, स्वतःच्याच वजनाने सांधे सैल होतात, दोन वर्षांत हात लोंबतो. काकू शांतपणे ऐकत आणि म्हणत, "माझेही गुडघे मोडत नाहीत. फेकून देतोस का?" एकदा त्यांच्या हातून एक रोबो निसटून जमिनीवर पडला. त्याला काही झालं नाही, फरशीचा मात्र कपचा उडाला. आल्यागेल्याला त्या तो कपचा दाखवत आणि सांगत, "फरशी हरली."

रविवारी सकाळी आमचा संग्राहकांचा गट एका कॅफेच्या माडीवर जमतो. बहुतेक पोरं पंचविशी-तिशीतली, घरी मराठी बोलणारी मराठी पोरंसुद्धा तिथे गुजरातीच बोलतात. काकू पिशवीत दोन-तीन मंडळी घालून येत आणि मधल्या टेबलावर बसत. गटाचा प्रमुख जिगर हा कट्टर प्लास्टिकवाला. तो मुद्दाम डिवचायचा, "काकी, डायकास्टनो जमानो गयो हवे."

"जमानो जाय, वजन ना जाय," काकू म्हणत आणि त्याच्या तळहातावर रोबो ठेवत. "हाथमां ले, पछी बोल."

त्या टेबलावर काकूंचा खरा दरारा होता तो दरवानामुळे. दळवीकाका त्याच कारखान्यात साचे बनवत. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःसाठी एक साचा कोरला. मांडवीच्या दरवाज्यावर उभा असावा असा, फेटा बांधलेला, मिशीवाला, भाला धरलेला वीतभर रोबो. परदेशी राक्षसांच्या आणि यंत्रमानवांच्या गर्दीत आपल्या बडोद्याचा एक गडी. कारखान्याच्या नव्या मालकाने सुट्टीच्या दिवशी मशीन वापरू दिलं, आणि साठ दरवान ओतले गेले. प्रत्येकाच्या पायाच्या एका तळव्यावर त्याचा क्रमांक आणि दुसऱ्यावर काकूंच्या पोलादी पंचाने, म्हणजे ठशाने, ठोकलेलं "सु". ते अक्षर म्हणजे सुमनबेनने पास केलं. पुण्या-सुरतेचे संग्राहक खोक्याच्या आधी तळवा बघत. साठावा काकांनी स्वतः रंगवून बायकोला दिला. पुढच्या दोन महिन्यांत काका गेले. मला चोपन्नावा मिळाला होता, आणि माझ्या सगळ्या पोकळ माणसांत तो एकटा भरीव म्हणून पहिल्या रांगेत उभा असे.

काका जाऊन सात वर्षं झाली तेव्हा एका सकाळी फडकं फिरवताना माझ्या दरवानाचा भाल्याचा हात माझ्या बोटांत आला. नुसता आला, ओढावाही लागला नाही. आतून धातू भुरभुरीत, राखाडी झाला होता आणि छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. दुसरा कुठला धातूचा रोबो असता तर मी आनंदाने तिसऱ्या मजल्यावर धावत गेलो असतो, प्लास्टिक जिंकलं म्हणून सांगायला. पण काकांचा दरवान होता तो. मी हात गोंदाने चिकटवला, भेगांवर रंगाचा हात दिला आणि गप्प बसलो. आपण फार प्रेमाने वागतो आहोत असं मला तेव्हा वाटत होतं.

आठवड्याभराने काकू विरजण मागायला वर आल्या. मी वाटी आणेपर्यंत दरवान त्यांच्या कानाशी होता. टिचकी मारल्यावर आला तो ओल्या पुठ्ठ्यासारखा बद्द आवाज. त्यांनी पुन्हा मारली. मग माझ्याकडे वळल्या.

"चिकटवलास?"

"काकू, म्हटलं तुम्हाला कशाला..."

"मला कशाला? पंच कुणाचा आहे त्याच्यावर?" एवढ्या वर्षांत त्या माझ्यावर पहिल्यांदा खरोखरच चिडल्या होत्या. विरजण न घेताच खाली गेल्या, आणि दुपारी मला बोलावून त्यांनी आपला साठ नंबरचा माझ्यापुढे ठेवला. त्याच्या लाल फेट्यालाही भेगा होत्या.

मी एक तुकडा ओळखीच्या प्रयोगशाळेत दिला. जस्तात शिसं निघालं. जस्ताला शिशाचं वावडं असतं. चिमूटभर जरी मिसळलं तरी हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षं आतल्या आत कुजत जातं, फुगतं आणि एक दिवस भुगा होतो. काकूंनी रिपोर्ट वाचला आणि घडी घालून बाजूला ठेवला. मग त्यांनी सांगितलं. शेवटच्या बारा नगांना धातू कमी पडला होता. गाडीच्या चाकांचं बॅलन्सिंग करताना रिमला ठोकतात ती छोटी वजनं काकांनी गॅरेजमधून आणली. त्यातली काही जस्ताची असतात, काही शिशाची, आणि दिसायला सारखीच. वाजवली की कळतं. जस्त खणकन वाजतं, शिसं नाही.

"ह्यांना ताप होता. दोन दिवसांनी ऑपरेशन. साठ पुरे करूनच जाईन म्हणत होते. मी एकसुद्धा वजन वाजवलं नाही रे. वाजवलं असतं आणि नको ते निघालं असतं, तर ह्यांना थांबवावं लागलं असतं. त्या दिवशी मी बायको झाले, आणि पंच मात्र क्वालिटीवालीचा मारला."

मी म्हटलं, बाकीच्यांचे अजून उभे असतील, कशाला वाच्यता करायची. मिलिंद फोनवर त्याच्याही पुढे गेला. काकूंनी फोन स्पीकरवर टाकला होता. "आई, बाबांचं शेवटचं काम आहे ते. आता गावभर सांगत सुटणार का, की ते खराब होतं म्हणून?"

"त्यांचं काम खराब नव्हतं. साचा आजही जसाच्या तसा आहे. खराब माल मी पास केला. हे लोकांना कळलं नाही तर तो दोष तुझ्या बाबांच्या माथी बसेल." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

त्याच संध्याकाळी गटावर त्यांचा निरोप आला. एकोणपन्नास ते साठ क्रमांकाचे दरवान नापास आहेत, तपासणीत माझी चूक झाली, परत द्यावेत, बदली नग मिळतील. खाली सही, सुमन दळवी, तपासणी विभाग. रविवारी त्या स्वतःचा फुटका साठावा घेऊन कॅफेत आल्या आणि त्याच्या गळ्यात कारखान्यातलं लाल लेबल बांधून त्यांनी तो मधल्या टेबलावर उभा केला. जिगरला राहवलं नाही. "तो काकी, प्लास्टिक जीती गयुं ने?"

"धातु पास छे, बेटा. हुं नापास थई." धातू पास, नापास झाले ती मी, एवढं सांगून काकू ताठ बसून होत्या. "तारा प्लास्टिकमां कोई आवुं लेबल बांधे त्यारे कहेजे." जिगरने उठून त्यांच्यासाठी चहा आणला.

दहा दरवान आठवड्या-दोन आठवड्यांत कुरियरने, हातोहात येऊन पोहोचले, माझा आणि काकूंचा धरून. जुन्या शहरातल्या घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतले घड्याळदुरुस्तीवाले भरतभाई मात्र ऐकेनात. काकांचे ते जुने मित्र. शिवाय त्यांच्याकडे दोन होते, दोन्ही दुकानाच्या फळीवर. काकूंना मागे बसवून मी स्कूटरने तिथे गेलो. भरतभाईंनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि सरळच सांगितलं, "बेन, आ तो भाईनी याद छे. भांगी जाय तोय मारी." मोडली तरी आठवण आपलीच, असं त्यांचं म्हणणं.

"याद तमारी, राखो. सिक्को मारो छे," काकू म्हणाल्या. आठवण त्यांची, शिक्का मात्र काकूंचा; बदली नग त्यांनाही मिळणारच होते. पिशवीतून कानस काढली आणि तिथेच, पोळातल्या गर्दीकडे पाठ करून, दोन्ही दरवानांच्या तळव्यावरचं "सु" घासून काढलं. अक्षर जाईपर्यंत त्यांचा हात थांबला नाही. दुकानाच्या पायऱ्या उतरताना मात्र त्यांना माझा खांदा धरावा लागला.

त्यांना दम तेव्हाच लागू लागला होता. डॉक्टरांनी हृदय थकल्याचं सांगून घराबाहेर पडायला बंदी केली. बदली नग ओतायला मालकाने एक सुट्टीची सकाळ दिली होती. प्रमाणपत्रासह आणलेलं शुद्ध जस्त बारा नगांपुरतं बेताचं होतं. आदल्या दिवशी काकूंनी मला बोलावून पंच हातात ठेवला.

"काकू, मी प्लास्टिकवाला."

"म्हणूनच. तू धातूचे लाड करणार नाहीस."

त्या सकाळी बारा दरवान निघाले. काकूंनी शिकवल्याप्रमाणे मी ते गार होऊ दिले, वाजवले, उजेडात फिरवून बघितले. अकरांवर पंच मारला. बाराव्याच्या, म्हणजे काकूंच्या साठाव्याच्या, पाठीवर केसाएवढी रेघ होती. साच्यात धातूचे दोन प्रवाह नीट मिळाले नाहीत की अशी रेघ राहते. मशीनवरचा माणूस म्हणाला, "साहेब, रंगाखाली निघून जाईल. बेनचाच तर आहे." धातू संपला होता. पुढची सुट्टी महिन्याने. मी पंच हातात धरून किती वेळ उभा राहिलो कुणास ठाऊक.

घरी काकू उशीला टेकून बसल्या होत्या, नाकात प्राणवायूची नळी. मी अकरा मांडले. "आणि बारावा?" मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी कानाशी नेला, टिचकी मारली. छान खणकन वाजला.

"आवाज बरोबर आहे ने?"

"आवाज बरोबर आहे. पाठीवर रेघ आहे."

"रंगाखाली जाईल?"

"जाईल."

"मग?"

ह्या बाईला आपला दरवान पुन्हा कपाटात बघायचा आहे हे मला माहीत होतं, आणि पुढची सुट्टी त्यांच्या वाट्याला असेल की नाही हेही दिसत होतं. "नापास," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग दरवान माझ्या हातात परत दिला. "मग इथे कशाला आणलास? नापास माल शेडमध्ये ठेवायचा असतो." आणि हसल्या. मला तिथे त्यांच्यासमोरच रडू फुटलं. त्यांनी मला रडू दिलं.

तीन आठवड्यांनी काकू गेल्या. पुढची सुट्टी आलीच नव्हती. मिलिंद आला, दिवस झाले, आणि घर आवरताना त्याने कपाट उघडलं. पहिल्या रांगेत मधोमध साठाव्याची जागा रिकामी होती. बाकी सगळ्यांना बदली दरवान मिळाले आणि आईलाच नाही, हे त्याच्या मनाला लागलं होतं. रेघेचा दरवान माझ्याकडे आहे हे त्याला कळलं होतं. तो म्हणाला, "त्याच्यावर पंच मारून दे ना. ठेवून देऊ तिच्या जागेवर. एवढंसं तर आहे."

"नापास आहे तो," मी म्हटलं.

"आता कोण बघणार आहे, संजयदादा?"

"मी," म्हणालो, आणि चौथ्या मजल्यावर परत आलो.