थार्सिस गाक्वायाचे पाच दिवस

र्वामागाना गावात लग्न जमवायचं तर मुलगा लागे, मुलगी लागे आणि थार्सिस गाक्वाया लागे. यातल्या पहिल्या दोघांवाचून एखाद वेळेस निभावलं असतं, असं थार्सिसचं प्रामाणिक मत होतं.

एरवी तो बाजारातल्या आपल्या दुकानात पत्रे, खिळे आणि सिमेंट विकी. पण ते आपलं पोटापुरतं. त्याचं खरं आयुष्य शनिवारी दुपारी, कोट चढवल्यावर सुरू होई. शनिवारी कुठे ना कुठे मागणी असेच, आणि एका ना एका पक्षाच्या वतीने बोलायला थार्सिसच हवा असे. वरपक्षाने मुलगी मागितली की वधूपक्षाच्या बोलणाऱ्याने साफ नाही म्हणायचं, तुमच्या आजोबांनी आमच्या आजोबांचं अमुक केलं होतं असा एखादा गुन्हा उकरून काढायचा, समोरच्याने माफी मागायची, माफीबरोबर बिअर यायची, ती प्यायली की माफी पोचली आणि पुढचा गुन्हा काढायला मोकळे. बाकीचे बोलणारे दोन गुन्ह्यांत आटपत. थार्सिसला सहा-सात तरी लागत. त्याच्याकडे कुणाच्या पळवलेल्या गायी होत्या, कुणाची बुजवलेली विहीर होती, आणि एका आजोबांनी दुसऱ्या आजोबांच्या अंगावर शिंकल्याचीसुद्धा एक हृदयद्रावक कथा होती. मांडवातली पाहुणेमंडळी हसून हसून लोळत आणि जेवण गार होत जाई. नवऱ्या मुलाला घाम फुटे, पण त्याचं तिथे कोण ऐकतंय.

दर शनिवारी असं सहा-सातदा मोठ्या मनाने माफ करून झालं, की थार्सिस आपली पिकअप स्वतः चालवत घरी येई.

या येण्याबद्दल सरकारचं मत निराळं होतं. पिऊन गाडी चालवताना सापडलात तर पाच दिवस आत, गाडी पाच दिवस पोलिसांच्या अंगणात, वर दीड लाख फ्रँक दंड. दुकानात सिमेंट मोजता मोजता थार्सिस गिऱ्हाइकांना समजावून सांगे, की हा कायदा चांगलाच आहे, पण तो ज्यांना पिता येत नाही अशांसाठी आहे. शहरात म्हणे एक सोय निघाली होती. फोन केला की मोटरसायकलवरून एक माणूस येतो आणि तुमचीच गाडी चालवत तुम्हाला घरी सोडतो. हे ऐकून तर त्याची करमणूकच झाली होती.

"म्हणजे माझ्याच गाडीत मीच पाहुणा? वर त्याला पैसे द्यायचे?" तो म्हणे. "उद्या माझ्या वतीने जेवायलाही कुणी पाठवा."

आणि पकडलंच कुणी, तर तोंड होतंच की. ज्या तोंडाने चाळीस मुली मिळवून दिल्या, त्याला एक पोलीस म्हणजे काय?

त्या आठवड्यात मात्र थार्सिसचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, कारण येत्या शनिवारची मागणी घरचीच होती. दातिव्ह, त्याची पुतणी. भाऊ आजारात गेला तेव्हा ती फ्रॉक घालत होती. थार्सिसने आणि त्याच्या बायकोने, स्पेसिओझने, तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली. आता ती आरोग्यकेंद्रात नर्स होती. तिच्या मागणीत आपणच बोलायचं हे थार्सिसने ती शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं. तिच्यासाठी त्याने एक खास गुन्हा इतकी वर्षं राखून ठेवला होता, दुसऱ्या कुणाच्या लग्नात खर्च केला नव्हता. तो या पोरीला अशा दणक्यात देणार होता की पुढची दहा वर्षं गावाने नाव काढावं. त्याला त्याच्या आयुष्यात याहून मोठं काही करायचं राहिलं नव्हतं.

आता आतली गोष्ट. लोकांना वाटतं, दोन्ही पक्षांचे बोलणारे मांडवात पहिल्यांदा भिडतात आणि जे बोलतात ते ऐनवेळी सुचलेलं असतं. सुचतंय कसलं! दोन दिवस आधी दोघे बसून सगळं ठरवून घेतात. त्याप्रमाणे गुरुवारी दुपारी थार्सिस पिकअप घेऊन शेजारच्या गावी कालिक्स्तकडे गेला. कालिक्स्त वरपक्षाकडून बोलणार होता. त्याच्या घरची केळ्याची बिअर पंचक्रोशीत नावाजलेली. त्याने रीतीप्रमाणे पहिला घोट स्वतः घेतला, भांडं थार्सिसपुढे केलं आणि म्हणाला, "मग, पहिला गुन्हा काय?"

आता इथे नाही कसं म्हणणार? वधूपक्षाने वरपक्षाच्या घरची बिअर नाकारली, म्हणजे आत काहीतरी कालवलंय असा संशय घेतला. लग्न तिथेच मोडलं असतं. तेव्हा थार्सिस प्यायला तो निव्वळ पुतणीच्या संसारासाठी. तालीम म्हटली की ती अर्धवट करून चालत नाही. त्यांनी गुन्ह्यांची तालीम केली तशी माफीचीही केली, आणि बिअरवाचून माफी पोचत नाही. तिसरा गुन्हा दोघांनाही फार आवडला, म्हणून तो दोनदा माफ करण्यात आला.

निघताना थार्सिसने दोन पेले घट्ट ताक प्यायलं. ताकाने वास मरतो हे सगळ्यांना माहीत आहे. वास मेला तर पोलिसांचं यंत्र काय हुंगणार?

सूर्य मावळायच्या सुमाराला, गावाच्या वळणावर, पोलिसांनी हात केला. एक तरुण पोलीसबाई खिडकीशी आली आणि तिने कडक सलाम ठोकला.

"नमस्कार बाबा. कुठून येणं झालं?"

हा प्रश्न थार्सिसला विचारायचा नसतो. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, कोटाची बटणं लावली आणि सुरुवात केली. बाईच्या आईवडिलांना दीर्घायुष्य चिंतलं, तिच्या आजोळच्या गुरांना वासरं चिंतली, रस्त्याची स्तुती केली, पोलिसांमुळे देशात माणूस निर्धास्त झोपतो हे सांगताना तर त्याने छातीवर हात ठेवला. मागे दोन बस थांबल्या. उतारू खिडक्यांतून माना काढून ऐकू लागले आणि एकदोघांनी टाळ्याही वाजवल्या. पोलीसबाईने सगळं हात मागे बांधून, मान हलवत, शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

"फार छान बोललात, बाबा," ती म्हणाली. "आता फुंका."

थार्सिस फुंकला. आकडा पाहून तिच्या भुवया वर गेल्या.

"अगं पोरी, ही केळ्याची आहे. घरची. आमच्यात लहान मूल आजारी पडलं तरी चमचाभर देतात!"

"यंत्राला केळं कळत नाही हो. किल्ली द्या."

"शनिवारी माझ्या पुतणीची मागणी आहे. मीच बोलणार आहे. मी नसलो तर तिला देणार कोण?"

ती बोटांवर दिवस मोजून म्हणाली, "मंगळवारी सुटाल, बाबा. मुलीला माझ्याकडून आशीर्वाद सांगा."

कोठडीत मंडळी मात्र उच्च दर्जाची होती. एक शाळेचे हेडमास्तर, एक हिशेबनीस, आणि चर्चमध्ये गाणारा एक गृहस्थ. सगळ्यांनी दोनच घेतल्या होत्या. त्या खोलीत दोनच्या पुढे मोजता येणारा माणूसच नव्हता. थार्सिसने शुक्रवारी सकाळी ठाण्याच्या साहेबांची भेट मागितली आणि त्यांच्यापुढे व्यवहार्य तोडगा ठेवला. शनिवारी दुपारपुरता सोडा, त्याबदल्यात दोन दिवस जास्त राहतो. साहेबांनी तेही आदराने ऐकून घेतलं. म्हणाले, "बाबा, हे दुकान नाही." असले अतिसभ्य पोलीस कुणाच्या नशिबी येऊ नयेत. एखादा खेकसला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

दुपारी स्पेसिओझ डबा घेऊन आली. थार्सिसने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मागणी पुढे ढकला. पुढच्या शनिवारी ठेवा."

"तंबू आलाय. वरपक्षाची गाय आलीय. पाहुणे वाटेत आहेत."

"वडीलधाऱ्यांना सांग, थार्सिस म्हणाला म्हणून. ते ऐकतील."

"ते तयार होते," स्पेसिओझ म्हणाली. "दातिव्ह नको म्हणाली."

थार्सिसला हे नीट ऐकूच आलं नाही, किंवा त्याने ऐकून घेतलं नाही. "मग बोलणार कोण?"

"व्हियाने."

व्हियाने म्हणजे स्पेसिओझचा भाऊ. मधमाश्या पाळी. पोटाच्या दुखण्यामुळे बिअरला शिवत नसे आणि, थार्सिसच्या मते, त्याच दुखण्यामुळे तोंडही उघडत नसे.

"व्हियाने? त्याला 'या, बसा' म्हणायला पाऊण तास लागतो! अगं, त्या पोरीचं लग्न आहे की मयत?" आणि मग अर्धा तास तो बायकोला गुन्हे शिकवत बसला. पहिला कुठला, दुसरा कुठला, राखून ठेवलेला कुठे काढायचा, तिथे आवाज कसा उतरवायचा. स्पेसिओझ हो हो करत राहिली आणि डबा उघडून ठेवून गेली.

शनिवारी दुपारी, मांडवात मंडळी बसायच्या वेळेला, थार्सिसने कोठडीत कोट घातला. हेडमास्तर दयाळू होते, त्यांनी वरपक्षाची बाजू घेतली. थार्सिसने दातिव्हच्या मागणीचं सगळं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. पाण्याच्या मग्याने माफ्या पोचवल्या. राखून ठेवलेला गुन्हा काढला तेव्हा हिशेबनीस डोळे पुसू लागला. शेवटी "दिली, मुलगी दिली!" असं म्हणायची वेळ आली आणि तिथे थार्सिसला पुढे बोलवेना. तो भिंतीकडे तोंड करून बसला. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि त्या वेळी तरी त्यात नाटक नव्हतं.

मंगळवारी तो सुटला. दंड भरल्याशिवाय गाडी मिळणार नव्हती, म्हणून नवराबायको बाजारातून चालत निघाली. थार्सिस मान खाली घालून चालला होता. मागणीचा पार विचका झाला असणार आणि लोक हळहळत असणार, याची त्याने मनाची तयारी केली होती, थोडीफार आशाही धरली होती.

"थार्सिस! काय झकास झाली हो मागणी!" शिंपी दुकानातून ओरडला. "जन्मात पहिल्यांदा मागणीत गरम जेवलो!"

"व्हियाने बोलला तरी काय?" थार्सिसने शेवटी बायकोला विचारलं.

"उठला. म्हणाला, 'मुलीला विचारलंय, तिला मुलगा पसंत आहे. आमचं तुमच्याशी काही भांडण नाही. दिली.' आणि बसला."

"आणि मी कुठे आहे ते विचारलं असेल की कुणीतरी!"

"कालिक्स्तने विचारलं. मुद्दाम, गंमत म्हणून. व्हियाने म्हणाला, 'पिऊन गाडी चालवत होते, आत आहेत.' मग कालिक्स्तने पुढे काही विचारलं नाही."

घरी दातिव्ह अंगणात तंबूचे दोर गुंडाळत होती. काका आलेले पाहून तिने दोर ठेवला, पाणी दिलं, शेजारी बसली. थार्सिस रस्ताभर जुळवत आला होता ते बोलू लागला. पोरी, मी तुझा गुन्हेगार आहे, तुझ्या बापाच्या जागी उभं राहायचं होतं मला, आणि त्या दिवशी तुझ्या मनाला किती यातना...

"काका," दातिव्ह म्हणाली, "खरं सांगू? राग नका मानू. मला बरं वाटत होतं."

"बरं?"

"दर शनिवारी अंधार पडला की मी फाटकाशी जाऊन उभी राहते. तुमच्या गाडीचे दिवे दिसेपर्यंत. लहान होते तेव्हापासून. बाबा गेले, आता तुम्हीही गेलात तर, असं वाटायचं. या शनिवारी पहिल्यांदा मला ठाऊक होतं तुम्ही कुठे आहात. मी नीट जेवले, नाचलेसुद्धा." तिने त्याचा रिकामा पेला घेतला. "म्हणून पुढे ढकलू नका म्हटलं."

ती पेला ठेवायला आत गेली. थार्सिसने फाटकाकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यातूनच तो दर शनिवारी गाडी आत घेत आला होता, आणि ते उघडं कसं असतं हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"स्पेसिओझ," तो म्हणाला, "ही पोर खरंच उभी राहायची? एकटी?"

स्पेसिओझ तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"एकटी कशी असेल?" ती म्हणाली. "मी नव्हते का?"