आबा आणि अठ्ठ्याऐंशीची तोफ

आबा, माझे वडील, टेक्सासमध्ये आमच्याकडे फ्रिस्कोला आले. पहिले चार दिवस ते खुशीत होते. पाचव्या दिवशी संध्याकाळी फिरून आले आणि मला म्हणाले, "पोरी, तुमच्या हितं माणसं कुठं राहत्यात गं?"

त्यांचं खरंच होतं. आमच्या गल्लीत गॅरेजचं दार उघडतं, गाडी आत जाते, दार बंद होतं. दोन मैल चालून आबांना भेटलं होतं एक कुत्रं आणि एक पत्रं टाकणारी बाई. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घरटी एक फौजी आहे. देवळाच्या पारावर बसलं की गप्पांना तोटा नसतो. ते सगळं सोडून हा माणूस सहा महिने इथे काय करणार, ही काळजी मला त्यांचं तिकीट काढतानाच लागली होती. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, म्हणून मीच हट्टाने बोलावून घेतलं होतं.

आबांनी फौजेत चोवीस वर्षं काढली, ती सगळी विमानविरोधी तोफेवर. हवालदार म्हणून रिटायर झाले. एकाहत्तरच्या लढाईत ते एकवीस वर्षांचे होते. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, ते त्या तोफेमुळेच. माझ्या नवऱ्याने कुठेतरी वाचलं होतं, की सव्वा तासाच्या ड्राइव्हवर जुन्या युद्धसामानाचं एक खाजगी म्युझियम आहे आणि तिथे एक जर्मन तोफ आहे. "आबांना घेऊन जा ना, यार. घरात बसून हवामानाच्या बातम्या बघतायत," तो म्हणाला. मी शुक्रवारची एक मीटिंग कॅन्सल केली आणि आम्ही निघालो.

म्युझियम म्हणजे पत्र्याच्या दोन मोठ्या शेड. आत पंखे घरघरत होते आणि पाच-सहा माणसं एका उंच, पिकल्या मिशांच्या गृहस्थाभोवती उभी होती. ते शाळेत सुतारकाम आणि यंत्रकाम शिकवून रिटायर झालेले होते आणि आता इथे फुकट गाइडचं काम करत होते. हे नंतर कळल्यावर आबा त्यांना मास्तर म्हणायला लागले, म्हणून मीही इथे तेच म्हणते.

मास्तरांच्या मागे ती तोफ होती. अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरची, चार पाय फाकून बसलेली, नळी थेट छताकडे. आबा ती बघून जागीच थांबले. चप्पल काढतील की काय असं मला क्षणभर वाटलं.

मास्तर सांगत होते आणि मी आबांच्या उजव्या कानाशी मराठीत सांगत होते. पहिल्या महायुद्धात जर्मनांकडे विमानं पाडायला खास असं फारसं काही नव्हतं. फुगे पाडायच्या थोड्या तोफा होत्या. बाकी मैदानी तोफांचं शेपूट खड्ड्यात घालून तोंड आभाळाकडे करायचं आणि अंदाजाने उडवायचं. ते युद्ध हरल्यावर तहात त्यांना अशा तोफा ठेवायला बंदी झाली. तेव्हा त्यांचे इंजिनिअर स्वीडनला जाऊन बसले आणि तिथे नव्या तोफेवर काम करत राहिले. त्यातून पुढे ही आली.

"हुशार हायेत," आबा म्हणाले.

मग मास्तर तोफेवर कोण कुठे बसायचं ते दाखवायला लागले. तोफ आडवी फिरवणारा आणि नळी वरखाली करणारा, दोघेही उजव्या बाजूला, असं ते म्हणाले. मी ते आबांना सांगितलं आणि आबांनी माझा दंड धरला.

"चुकतंय त्येचं. एक ह्या अंगाला बसतो, एक त्या अंगाला. सांग त्येला."

"आबा, राहू द्या ना."

"राहू द्या काय? मी चोवीस वर्षं बसलोय. लोकांना चुकीचं सांगतोय त्यो."

मी जमेल तितकं गोड करून सांगितलं, की माझे वडील भारतीय फौजेत तोफेवर होते आणि त्यांना जरा शंका आहे. सगळ्यांच्या माना वळल्या. मास्तरांनी आबांकडे नीट पाहिलं, तोफेभोवतीच्या दोरीचा हूक काढला आणि हाताने आत या म्हणून खूण केली.

उजव्या बाजूला दोन सीटं होती. दोन्हींसमोर हाताने फिरवायची चाकं. आबांनी दोन्ही फिरवून पाहिली. मग मास्तर त्यांना डाव्या बाजूला घेऊन गेले. तिथे एक लोखंडी पेटी होती आणि तिच्यावर दोन खोलगट वाट्या. गोळ्याचं नाक त्या वाटीत घालायचं, मास्तर म्हणाले. आतलं यंत्र गोळ्याच्या टोकाचा फ्यूज फिरवतं. किती सेकंदांनी फुटायचं ते तिथे ठरतं. गोळा विमानाला लागायची गरजच नसते. त्याने विमानाजवळ, त्याच उंचीवर फुटायचं, आणि मग चारी बाजूंना लोखंडाचे तुकडे उडतात.

आबांची तोफ चाळीस मिलिमीटरची होती. तिचा गोळा विमानावर आदळला तरच फुटायचा. त्यामुळे तिला अशी पेटीच नव्हती आणि तिच्या दोन्ही बाजूंना माणसं बसायची.

आबांनी वाटीत हात घालून आतून चाचपलं. मला त्यांचा चेहरा बघवेना. या वयात, परक्या देशात, चारचौघांत. मग ते ताठ उभे राहिले आणि मास्तरांना स्वतःच म्हणाले, "सॉरी सर. माय गन स्मॉल. यू करेक्ट." आणि कडक सॅल्यूट ठोकला.

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांनी विचारलेला प्रश्न मी भाषांतर करून सांगितला, "त्या लहान तोफेवर डावीकडचा माणूस नक्की काय करायचा?"

पुढचा दीड तास मी तिथल्या एका बाकावर बसून होते आणि हाक आली की भाषांतर करायला उठत होते.

त्यानंतर दर शुक्रवारी जायचं ठरूनच गेलं. आबा सकाळी सातला शर्ट इस्त्री करून तयार. मी थर्मासमध्ये चहा न्यायची, मास्तर घरून पीचचा केक आणायचे. त्या चहावर मला फ्लॅकचा, म्हणजे जर्मनांच्या या सगळ्या विमानविरोधी तोफखान्याचा, इतका इतिहास कळला की ऑफिसात कोणी विचारलं असतं तर मी प्रेझेंटेशन दिलं असतं. शहरांभोवती तोफांची कडी, सर्चलाइट, काँक्रीटचे बुरूज. आबांना सगळ्यात खटकलं ते हे, की या तोफेवरच्या माणसाला विमान बघावंच लागत नसे. लांब दुसरी टोळी दुर्बिणीतून उंची मोजायची, हिशेब करायची, आणि तोफेवर फक्त यंत्राने दाखवलेल्या खुणेवर आपली खूण जुळवायची.

"म्हंजी काट्यावर काटा ठेवायचा? डोळ्याचं काम न्हाईच?"

"नाही," मास्तर म्हणाले. "आणि तरीही एक विमान पाडायला हजारो गोळे लागायचे. शेवटी तर माणसं पुरेनात म्हणून शाळेतली मुलं आणली तोफांवर."

आबांनी कप खाली ठेवला. "शाळंतली पोरं," ते एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन थोडा वेळ उन्हात उभे राहिले.

त्यांना आत बोलवायला मास्तरच गेले. परत आल्यावर त्यांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली. त्यांचे वडील बाँबर विमानात मशीनगनवर होते. याच तोफांच्या वरून ते कितीतरी वेळा गेले आणि परत आले. घरी त्याबद्दल फार बोलले नाहीत. फक्त एकदा म्हणाले होते, की आभाळात काळे बोळे उमटायचे आणि ते जवळ येताना कळायचं, पण सरळ जात राहण्यापलीकडे करण्यासारखं काही नसायचं.

आबांनी ऐकून घेतलं. मग मास्तरांनी विचारलं, "तुम्ही कधी विमान पाडलंत?"

"पाच तोफा एकदम चालल्या व्हत्या," आबा म्हणाले. "एक विमान धूर सोडत गेलं. पाची तोफांवाले आजपतुर म्हणत्यात, आमच्यामुळं. मीबी म्हणतो. गावात तर सगळ्यांना तेच सांगितलंय." मग म्हणाले, "पर त्यो घरी पोचला आसंल तर बरं वाटंल मला आता."

मी भाषांतर केलं. मास्तरांनी केकचा मोठा तुकडा कापून आबांच्या ताटलीत ठेवला.

ऑक्टोबरात म्युझियमचा ओपन डे होता. मास्तरांनी आबांना विचारलं, लोकांना घेऊन तोफेची कवायत करून दाखवाल का. गोळाबारूद अर्थातच नाही. मास्तरांनी स्वतः लाकडाचा एक गोळा घडवून ठेवला होता. आबांनी आठवडाभर आमच्या ड्राइव्हवेवर खडूने तोफेचा आराखडा काढला आणि मला, माझ्या नवऱ्याला आणि शेजारच्या तेलुगू काकूंना त्यावर उभं केलं. काकू फ्यूजवर चांगल्या होत्या.

त्या दिवशी आलेल्यांतून आबांनी माणसं निवडली. नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली चाकांवर बसल्या, एक डेंटिस्ट फ्यूजवर, आणि गोळा उचलायला जवळच्या चर्चचे धिप्पाड पाद्री. आबांनी आरोळी दिली, "टेक पोस्ट." त्यांचा तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. आमच्या घरात आबा फार हळू बोलत.

पहिल्या वेळी पाद्रीबाबांनी गोळा उलटा घातला. आबांनी शांतपणे घड्याळ पाहिलं.

"सांग त्यास्नी, विमान घरी गेलं, जेवलं आन झोपलं."

मी सांगितल्यावर सगळी शेड हसली, सगळ्यात मोठ्याने पाद्रीबाबा. आबांनी चार वेळा कवायत पुन्हा करायला लावली. पाचव्या वेळी चाकं फिरली, नाक वाटीत गेलं, गोळा नळीत गेला, सगळं एका लयीत, आणि कोणी न सांगता लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर डाव्या बाजूला दोरीबाहेर उभे होते. आबांनी मग त्यांनाही हाताला धरून आत घेतलं आणि एका मुलीच्या जागी चाकावर बसवलं.

आबांना गावी जाऊन आता दीड वर्ष होईल. दर रविवारी मी मास्तरांना आणि आबांना व्हिडिओ कॉलवर जोडून देते. सुरुवातीला मी भाषांतराला बसत होते, आता मला कोणी बोलवत नाही. मी भाजी चिरत असते आणि एका बाजूने टेक्सासचं इंग्रजी, दुसऱ्या बाजूने सातारचं फौजी इंग्रजी, दोघेही ओरडून बोलत असतात, कारण आता मास्तरांनाही कमी ऐकू येतं. परवा त्यांचं अर्धा तास चिखलात रुतलेली तोफ बाहेर कशी काढायची यावर चाललं होतं. कोणाचं बरोबर ठरलं, मला कळलं नाही.