परवाची नोंद

दवाखान्यात त्याला सगळे गजर म्हणत. नाव चेष्टेतलं, पण काम खरंच तेच. जिन्याखालच्या खोलीत बसून त्याने लिहिलेला प्रोग्राम अख्ख्या दवाखान्याला वेळा सांगे. कुणाचं इंजेक्शन किती वाजता, कुणाच्या घरी निरोप केव्हा, सगळं यादीत टाकायचं. वेळ झाली की काम आपोआप होई. माणूस विसरेल, प्रोग्राम विसरत नाही, असं तो मान ताठ करून सांगायचा. मिजास काय ती एवढीच. बाकी माणूस म्हणजे गरीब गाय.

वॉर्डातल्या कारकूनबाई मात्र वैतागलेल्या असत. "तारखा टाकून टाकून बोटं झिजली माझी. उद्या लिहिलं तर कळत नाही का तुझ्या डब्याला?" म्हणून त्याने डब्याला तीन शब्द शिकवले: आज, उद्या, परवा. रोज सकाळी सहाला प्रोग्राम यादी वाची, परवाचं उद्या करी, उद्याचं आज करी. फक्त मृत्यूच्या नोंदीला हात लावायचा नाही, असा नियम त्याने स्वतःच घालून दिला होता. गेलेल्या माणसाबद्दल लिहिलेलं यंत्राने बदलू नये, असं त्याला वाटलं. यात त्याचं काय चुकलं, सांगा.

मग त्याची ताई आजारी पडली. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलेलं, लग्न केलं नाही, याच्या डब्याला पोळ्या लाटण्यात तिची वर्षं गेली. तिसऱ्या मजल्यावर नऊ नंबरची खाट मिळाली. डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बोलावलं आणि हळूच सांगितलं, "फार तर दोन दिवस. मन घट्ट करा."

त्या दिवशी तो खाली येऊन नुसता यादी बघत बसला. आणि त्याला ती ओळ दिसली. मृत्यू, खाट नऊ, परवा, सकाळी साडेदहा. ताई तर वर जिवंत होती.

कारकूनबाईंना विचारलं तर त्यांना काहीच विशेष वाटलं नाही. "अरे, ती आधीची आजी. परवा गेली ना ती! मी रजेवर होते, आज नोंद केली." म्हणजे बाईंचा परवा मागचा होता आणि प्रोग्रामचा पुढचा. आपल्या भाषेत दोन्ही परवाच, माणसाला बोलण्यावरून कळतं; यंत्राला कोण सांगणार? गजर हसला, आता तारीख टाकून देऊ म्हणाला, आणि तेवढ्यात वरून बोलावणं आलं म्हणून राहून गेलं.

दोन दिवसांनी पाहिलं तर ओळ तशीच होती. परवा, साडेदहा. नोंदीला हात लावायचा नाही, मग परवाचं उद्या होणार कसं? रोज सकाळी ती आणखी एक दिवस पुढे सरकत होती. वर डॉक्टरीणबाई ताईची नाडी बघून बाहेर आल्या आणि तेच म्हणाल्या, "दोन दिवस. फार तर दोन."

तिसऱ्या दिवशीही तेच. आठव्या दिवशीही. डॉक्टरीणबाईंना आपण रोज तेच बोलतोय हे आठवतच नसावं. चेहरा दर वेळी तितकाच वाईट वाटल्यासारखा. ताई खायची नाही, प्यायची नाही, पण जायचीही नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं गजरने स्वतःला शंभरदा बजावलं. पण ओळ दुरुस्त करायला हात धजेना. विषाची परीक्षा कोण घेणार?

इकडे आजीचे म्हातारबुवा रोज यायला लागले. मृत्यूची नोंद लागली नव्हती, म्हणजे प्रोग्रामच्या लेखी त्यांची बायको अजून खाटेवरच होती. रोज सकाळी नऊला त्यांच्या फोनवर निरोप जाई: आपल्या रुग्णाला भेटण्याची वेळ अकरा ते बारा. ते इस्त्रीचा सदरा घालून गजरच्या खोलीच्या खिडकीशी उभे राहत.

"ती नाही, हे मला कळतं हो," ते गजरला म्हणाले. "पण बोलावतंय तर न येऊन कसं चालेल? कुणी बोलावणं थांबवेल का?"

"यादीत आहे, आजोबा. परवा या," गजर म्हणाला. मग स्वतःची इतकी लाज वाटली त्याला की दुपारचा खानावळीचा डबा तसाच परत गेला.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी त्याने ताईला सगळं सांगून टाकलं.

"तरीच," ती म्हणाली. "रोज पहाटे वाटतं, कुणीतरी पाय धरून मागे ओढतंय. दुखतं रे फार."

"ताई, योगायोग असेल."

"असेल. पण त्या माणसाला माझ्यासाठी रोज इथे उभा करतोस? हे शिकवलं मी तुला? जा, दुरुस्त करून ये."

तो खाली आला. परवा खोडलं, आजी खरंच गेली ती तारीख घातली आणि बटण दाबलं. पुढचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. वेळ उलटून गेलेलं काम दिसलं की ताबडतोब उरकायचं, ही शिस्तही त्यानेच लावलेली. यादीत नऊ नंबरच्या खाटेवर तेव्हा दोन नावं होती, आजीचं आणि ताईचं, आणि निरोप दोन्ही घरी गेला. त्याचा खिसा थरथरला. आपल्या रुग्णाचे निधन झाले आहे, कळवण्यास खेद वाटतो.

खिडकीबाहेर म्हातारबुवांनी फोन डोळ्यांजवळ धरून तेच वाचलं. काचेआडून त्यांनी गजरला हात जोडले आणि ते सावकाश फाटकाकडे चालू लागले.

गजर तीन मजले धावत चढला. डॉक्टरीणबाई खोलीतून बाहेर पडत होत्या. आज त्यांनी त्याला बाजूला घेतलं नाही, दिवसही मोजले नाहीत. "आता खाली जाऊ नका," एवढंच म्हणाल्या.

ताई जागी होती. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा तिच्या कपाळावर आठी नव्हती.

"गेले का ते?" तिने विचारलं.

"गेले."

"बरं झालं. दार लोटून घे, आणि ये, बस माझ्याजवळ."