शकीलाआपांची झाकणं

शकीलाआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ब्राह्मणपुरीतल्या एका चुलीपुढे उकिडवा बसून पळीत मावणारं पाणी मोजत होतो. आमचं कामच तसं. कुणाच्या ताटात किती पडतं हे शोधायचं, तर आधी त्या घरची पळी किती धरते ते पाहावं लागतं. मग चूल कसली, धूर कुठून जातो, भांडी किती, रांधलेलं झाकून ठेवतात का... फोन ठेवून मी तीच पळी तीनदा मोजली. तिन्ही वेळा वेगळं माप आलं. महिना होत आला, अजून एका जागी बसवत नाही.

आपा शहाद्याच्या, आमच्या पाहणी-पथकातल्या सगळ्यात जुन्या. वडील कल्हईवाले, त्यामुळे भांड्यांच्या बाबतीत बाई जवळजवळ ज्योतिषी. दारातूनच पातेल्याचं माप सांगायच्या. मी मोजपात्र काढून, बाह्या सरसावून त्यांना खोटं पाडायला बसायचो आणि दरवेळी तोंडावर पडायचो. "भाऊ, पानी वाया नका घालू," त्या शांतपणे म्हणायच्या, "बाईले दूरथीन आननं पडस."

नवी माणसं आली की सरावासाठी आम्ही एकमेकांची स्वयंपाकघरं तपासायचो. माझ्या घरी आपांनी फॉर्मच्या समासात 'घरचा पुरुष चुलीकडे फिरकत नाही' असा शेरा मारला, तोही बायकोला वाचून दाखवून. स्वतःच्या घरी मात्र साफ नकार. "मन्हा घर पाव्हना म्हनीसन या. फारम बाहेर ठेवा." आणि पाव्हण्याला बाहेरच्याच खोलीत बसवायच्या.

पाहणीतल्या घरांना काही द्यायचं नाही, हा आमचा पहिला नियम. दिलं, तर पुढच्या फेरीत आपण आपलीच भेट मोजून येतो. दुसऱ्या फेरीत तोरणमाळकडच्या घरांत झाकणं अचानक वाढली. आमच्या समजावण्याने सवय बदलली, असं म्हणत कार्यालय खूश, पथकप्रमुख म्हणून मीही कॉलर ताठ केली. मग एका घरात डाळीच्या चिमुकल्या पातेल्यावर भलंमोठं स्टीलचं झाकण दिसलं, लहान मुलाला आजोबांचा फेटा बांधावा तसं. त्यावर नाव कोरलेलं होतं : 'शकीलास मामूंकडून'.

"आपा, तुमचे मामू इथवर आले होते?"

"झाकन शे का नही?"

"आहे."

"मंग 'शे' लिखा. कोनी दिन्हं, ते फारममा नही शे."

मी 'आहे' लिहिलं आणि सही केली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणूनच तो कागद आजही टोचतो.

परवा भेटायला गेलो. आपांची सून नाजिया म्हणाली, "काका, आतच या." पहिल्यांदाच उंबरा ओलांडला. ओट्यावर पातेल्यांची रांग आणि एकावरही झाकण नाही. दुधावर ताट, डाळीवर तवा, चहावर बशी.

"हसू नका काका. मी या घरात आले आणि झाकणं जायला लागली. अब्बा अजून म्हणतात, बहूने भंगारवाल्याला दिली."

"आणि आपा काय म्हणायच्या?"

"काही नाही. माझ्याबरोबर शोधायच्या. पलंगाखालीसुद्धा."

मला हसू फुटलं. पलंगाखाली वाकून न हरवलेलं झाकण शोधणाऱ्या आपा, काय नटी होती बाई... पण नाजिया हसत नव्हती. तोरणमाळला दाखवलेल्या दयेची बोलणी इतकी वर्षं या पोरीने खाल्ली होती, आणि आपांनी ती खाऊ दिली होती. मला हे आवडलं नाही. अजून आवडत नाही.

बाहेरच्या खोलीत जाऊन मी अब्बांसमोर, म्हणजे आपांच्या नवऱ्यासमोर, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नियम, फेऱ्या, माझी सहीदेखील.

"मामू ने दिया था, वो भी?" त्यांनी विचारलं.

"तेही."

दारातून नाजिया म्हणाली, "काका, फॉर्म आहे ना पिशवीत? मग आमचंही घर भरा."

ती पुढे, मागे मी, माझ्यामागे अब्बा. आपांनी कधी पाहू न दिलेल्या ओट्यावर मी फॉर्म पसरला. 'झाकण' या रकान्यात 'नाही' लिहिलं. तोरणमाळची ती घरं मोजणीतून वगळा, असं कार्यालयाला कळवायचं तेव्हाच ठरवलं आणि फॉर्मची घडी घालू लागलो.

नाजियाने कागदावर बोट ठेवलं. "कारणही लिहा. मोठ्या अक्षरात. अब्बांचा चष्मा फुटलाय."