फोरमनकाकांची टिकलीएवढी पट्टी

फोरमनकाकांना ‘अंदाजे’ हा शब्द सहन होत नसे. भोपाळच्या कारखान्यात पोलाद तापवण्यात त्यांची तीस वर्षं गेली. किती अंशांवर, किती मिनिटं, हे ठरल्याशिवाय ते काकूंना चहासुद्धा उकळू देत नसत.

निवृत्तीनंतर भोपाळच्याच अवधपुरी वसाहतीत ते आमचे शेजारी झाले. एकदा पोट फुगतं म्हणून सोनोग्राफी केली, तर यकृतात गाठ. पुढच्या तपासण्यांत ती कॅन्सरची निघाली. मुलगा परदेशात, म्हणून डॉक्टरांकडे मी बरोबर गेलो.

गाठ लहान होती. पोट न उघडता, बरगड्यांमधून सुई घालून ती जागीच जाळता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकूंनी तोंडाला पदर लावला. काकांनी खुर्ची पुढे ओढली.

“कितने डिग्री पर?”

“साठ के ऊपर, अंकल. सौ तक.”

“टाइम?”

“दस मिनट.”

“और बाजूवाला माल?”

डॉक्टर हसले. “चारों तरफ थोड़ा मार्जिन भी जलाएँगे.”

काका माझ्याकडे वळले. “मार्जिन ठेवतोय. माणूस कामाचा आहे.”

सुईच्या दिवशी ते उपाशीपोटी आत गेले. पडद्यावर सगळं बघायचा त्यांचा हट्ट होता, पण भूल दिल्याबरोबर घोरू लागले. बाहेर आणलं तेव्हा उजव्या कुशीवर टिकलीएवढी पट्टी. आठवडाभराचे कपडे घेऊन आलेल्या काकू मला हळूच म्हणाल्या, “अरे, खरंच काही केलंय ना यांनी?”

दुसऱ्या दिवशी काका घरी आले आणि खांदा धरून ओरडू लागले, “जाळलं यकृत आणि दुखतोय खांदा! सुई चुकली!” डॉक्टरांनी फोनवर समजावलं, यकृताजवळच्या नसेमुळे खांदा दुखतो, बारीक ताप आणि थकवाही राहील, पण ताप चढला तर लगेच या. ताप चढला नाही. भेटायला येणारे मात्र टाके दिसेनात म्हणून हिरमुसून जात.

महिन्याने पुन्हा स्कॅन झाला. गाठ पूर्ण जळाली होती. “पर दूसरी जगह फिर हो सकती है,” डॉक्टर म्हणाले. “हर तीन महीने में दिखाइए.”

घरी येताच काकांनी काकूंना स्कूटर शिकवायला घेतली. “उद्या मी नसलो तर भाजीला बिट्टन मार्केटला कोण नेणार तुला?” साठीच्या काकू तीनदा शेजाऱ्यांच्या कुंपणात घुसल्या. काका मागून धावत ओरडायचे, “ब्रेक! अगं, ब्रेक!”

तीन वर्षांनी दुसरीकडे गाठ आली, पुन्हा सुई झाली. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र यकृतानेच साथ सोडली आणि काका गेले.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी काकूंना विचारलं, “भाजी आणायला सोडू का?”

“नको रे,” त्या म्हणाल्या. पदर कमरेला खोचून त्यांनी स्कूटर काढली, आणि वळणावर ब्रेक न लावता निघून गेल्या.