पडद्याबाहेर आलेला हात

वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं होतं, तेव्हा मी जळगाव जामोदच्या दवाखान्यात नर्स होते. गावांत गरमीचा गुप्तरोग किती पसरलाय ते पाहायला डॉक्टर निघाले. बायकांचं रक्त घ्यायचं, म्हणून मला सोबत घेतलं.

वरवट बकालला एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी भरदुपारी पडदा बांधला. डॉक्टर अंगणात नवरेमंडळींसोबत सुपारी कातरत बसले. पडद्याआडून एकेकीनं नाव सांगायचं, किती मुलं पोटातच गेली ते सांगायचं आणि हात बाहेर काढायचा.

पहिला हात आला. मनगटावर गोंदलेला विंचू, हिरव्या बांगड्या. दुसरीचं नाव वेगळं, आवाज कोवळा, बांगड्या लाल. विंचू मात्र तसाच. एकाच गोंदणारणीचं काम असेल, म्हटलं. तिसरा हात आला आणि सुई माझ्या हातातच राहिली. कोपराच्या खळीत दोन ताज्या टोचण्या होत्या. हात गार पडला होता. आणि नाव सांगणारा आवाज त्या हातापाशी नव्हताच, पार मागच्या भिंतीकडून येत होता.

"हा हात कोणाचा आहे?" मी हळूच विचारलं.

 

"काऊन विचारता बाई?" पडद्याला अगदी लागून घोगरा आवाज आला. "रगतच पाहिजे ना तुमाले? घ्या."

"जिचं नाव, तिचंच पाहिजे."

"जिचं खराब निंगन तिले नवरा घरातून काढन. माहा नवरा कवाचा मेला. मले काढाले कोनी उरलंच नाही."

सवाष्णींनी आपल्या बांगड्या उतरवून विधवेच्या हातात चढवल्या होत्या. तो हात माझ्यापुढे तसाच पडून होता, मागे सरत नव्हता.

मी अंगणात जाऊन डॉक्टरांना विचारलं, "निकाल कोणाला सांगणार?"

"नवऱ्यांना. दुसऱ्या कोणाला?"

"मग मी सुई टोचणार नाही."

सगळ्यांदेखत ते माझ्यावर ओरडले. मी आधी घेतलेल्या रक्ताच्या दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्या आणि पडद्यापाशी येऊन म्हटलं, "त्रास असेल तिनं बाजाराच्या दिवशी दवाखान्यात यावं. नाव विचारणार नाही, घरी सांगणार नाही."

पुढच्या बाजाराला चौघी आल्या. मी सुयांचा इलाज सुरू केला. महिन्याच्या आत माझी नांदुऱ्याला बदली झाली. चौघींच्या सुया पुऱ्या झाल्या का, म्हणून मी जुन्या दवाखान्यात दोनदा निरोप धाडला. उत्तर आलं नाही. आणि न आलेल्यांत कोण आजारी होती, ते कळायची वाट मीच, रक्त न घेता, नावं न विचारता, बंद केली होती.